वाद्यांची बिऱ्हाडं

आमचा ऑर्केस्ट्रा माझ्यामुळे बंद पडला. मोबाइल आले, लोकांची आवड बदलली, पोरं पुण्याला गेली, अशी कारणं मी बरीच वर्षं सांगत आलो. अमरावतीत जुनं कुणी भेटलं की हीच यादी वाचून दाखवायचो. ती कारणं खरी नाहीत. ज्या माणसानं तो ऑर्केस्ट्रा जगवला त्याच्याविषयी लिहायचं तर आधी हे कबूल करायला हवं.

त्यांना सगळे कंट्रोलर काका म्हणत. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, माइकवरून गाड्या पुकारण्यातच सगळी नोकरी सरलेली. आवाज असा की भाजीबाजारात त्यांनी वांग्यांचा भाव विचारला तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून बघायचा. सुराच्या नावानं मात्र आनंद होता. एकही वाद्य येत नव्हतं, तालमीत टाळी दिली तर ती हमखास चुकीच्या जागी पडायची. आमचा ढोलकीवाला वैतागून म्हणायचा, "काका, हात खिशात ठेवा ना!" काका खरंच हात खिशात घालायचे. "मले वाजवता येत नाई म्हणून तं तुमाले जमा केलं," म्हणायचे. "मले आलं असतं तं तुमची गरज काय होती बे?"

कार्यक्रमाचं निवेदन तेच करत, आणि ते पूर्ण डेपोच्या थाटात. "परतवाड्याहून आलेल्या शोभाताई स्टेजवर लागत आहेत. रसिकांनी धक्काबुक्की न करता टाळ्या वाजवाव्यात." हशा संपेपर्यंत शोभाताईंना गाणं सुरू करता यायचं नाही. त्या कृतक कोपानं बघत राहायच्या.

पण काकांची खरी करामत वेगळी होती. ऑर्केस्ट्राला स्वतःची खोली नव्हती, आणि काकांनी ती कुणाकडे मागितलीही नाही. प्रत्येक वाद्याचं एकेका घरी बिऱ्हाड असे. अकॉर्डियन अजीजभाईंच्या शिलाईच्या दुकानात, शिवून तयार झालेल्या शेरवान्यांच्या शेजारी. कोंगोची जोडी पिठाच्या गिरणीवाल्या वानखडेंच्या माडीवर. ढोलकी बुधवारा मोहल्ल्यात सुमनकाकूंकडे. नवं वाद्य आलं की काका ते काखोटीला मारून एखाद्या दारात उभे राहत आणि म्हणत, "पाहुणा आणला, वहिनी. राहू द्या चार दिवस." ते चार दिवस वर्षानुवर्षं संपत नसत.

पाहुणा हळूहळू घरचा होई. पावसाळ्यात ढोलकी सादळू नये म्हणून सुमनकाकू ती देवघरात ठेवायच्या, आणि घामट हातांनी वाजवून तशीच परत आणली तर वाजवणाऱ्याला दारातच फैलावर घ्यायच्या: "हे पुसाचं कोनं? तुह्या मायनं?" अजीजभाईंनी उरलेल्या मखमलीचा झगा शिवून अकॉर्डियनला चढवला होता. कार्यक्रमाच्या दिवशी ते स्वतः अकॉर्डियन उचलून आणत आणि पहिल्या रांगेत बसत. एकदा मध्यंतरातच ते काकांसमोर जाऊन उभे राहिले. "क्या कंट्रोलर साब, हमारे अकॉर्डियन को आज दोच गाने?" काकांनी तिथल्या तिथे तिसरं गाणं घातलं. आमच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या अशा भरायच्या. प्रत्येक वाद्य आपलं घर घेऊन यायचं, आणि घर आपली गल्ली. मांडववाला, चहावाला, रिक्षावाला, सगळे यातच कुणाचे तरी दीर नाहीतर भाचे असत.

मला यात गोंधळ तेवढा दिसायचा. मी कीबोर्ड वाजवायचो आणि पतपेढीत नोकरीला होतो. कपाट, कुलूप, शिक्का यांवर माझी श्रद्धा. तालमीला वाद्यं गोळा करण्यातच संध्याकाळ निम्मी जायची. एकदा अजीजभाई अकोल्याला लग्नाला गेले आणि अकॉर्डियन दुकानात कुलूपबंद राहिला. मी चिडलो, तर काका म्हणाले, "एक गाडी कमी हाय, सेक्रेटरी सायेब. म्हणून काय स्टँड बंद करतं?"

सेक्रेटरी मीच होतो. काका डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला मुलीकडे गेले होते, तेव्हा शिकवणी वर्ग चालवणाऱ्या माझ्या एका मित्रानं आम्हाला कपाटांसकट एक हॉल वापरायला दिला. मला वाटलं, काका येईपर्यंत सगळं लावून ठेवू, ते खूश होतील. एका रविवारी टेम्पो केला आणि घरोघर फिरून वाद्यं उचलली. विचारलं कुणालाच नाही. सुमनकाकूंना म्हणालो, "चला, तुमची कटकट मिटली." त्या ढोलकी हातात धरून उभ्या होत्या. "कटकट कोन म्हणे?" त्यांनी विचारलं. मी हसलो आणि ढोलकी त्यांच्या हातातून घेतली.

काका आले ते काळा चष्मा लावून. मी त्यांना हॉलवर नेलं, कपाटं दाखवली. त्यांनी एकेका कपाटावरून हात फिरवला. "झाक झालं," म्हणाले. मग थोड्या वेळानं: "अन् आता आपल्याले आयकाले कोन येईन?"

"पोस्टर लावू ना, काका."

काकांनी उघडं कपाट हलकेच लावून टाकलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

पुढचा कार्यक्रम आमचा सर्वांत चांगला वाजला आणि समोर खुर्च्या रिकाम्या होत्या. अजीजभाईंना विचारलं, तर ते अदबीनं म्हणाले, "दुकान में काम था, भाईसाब." भाईसाब ते मला कधीच म्हणत नसत. मांडववाला दुसऱ्या लग्नात अडकला, वानखडेंना गिरणी सोडवेना. रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवायला आमच्या पोरांनाही हुरूप येईना. तालमी विरळ झाल्या. मग परीक्षांच्या दिवसांत मित्राला हॉल परत हवा झाला. वाद्यं त्या घरांत पुन्हा नेऊन द्यायला माझं मन धजलं नाही. मी ती माझ्या माळ्यावर चढवली.

काका कायमचे मुलीकडे निघाले तेव्हा बसपर्यंत सोडायला मीच गेलो. खिडकीतून म्हणाले, "तालमी चालू ठेव." मी मान हलवली. तेव्हा तालमी बंद होऊन महिने लोटले होते, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

इतकी वर्षं मी त्यांना भेटायला गेलो नाही. या हिवाळ्यात गेलो. अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात एका ओट्यावर काका उन्हात बसले होते. आता फारसं दिसत नाही. मी नमस्कार केला तर आवाजावरून ओळखून म्हणाले, "या सेक्रेटरी सायेब, लय लेट झाली तुमची गाडी." मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, माळ्यापर्यंत. माफी मागितली.

"मले कावून सांगून राहिला?" काका म्हणाले. "माह्या घरी तं एकबी वाद्य नव्हतं."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. साऱ्या गावात वाद्यं ठेवणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरी साधी खंजिरीही ठेवली नव्हती.

"माह्या घरी ठेवलं असतं तं ऑर्केस्ट्रा माहा झाला असता," ते म्हणाले. "मंग त्याले मी मेल्यावर कोनं पायलं असतं? जा. ज्यायच्या घरून नेलं, त्यायच्या घरी जा. अन् फोनवर नको बोलू, लेका. दारात जाय."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून ढोलकी काढली. चामड्याची पुडी सैल पडली होती, दोऱ्या कुजल्या होत्या. पुसली आणि बुधवाऱ्यात गेलो. सुमनकाकू आता काठी घेऊन चालतात. दार उघडून त्यांनी आधी ढोलकीकडे पाहिलं, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय हाल केले रे इचे."

चपला काढून मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"काकू," मी म्हणालो, "ही तुमच्या घरची होती. मी न विचारता तुमच्या हातातून नेली, आणि वर कटकट म्हणालो. माझं चुकलं."