जाळून टाकलेली गोचीड

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती आणि आम्ही परदेशात, बिशान नावाच्या भागात एका फ्लॅटमध्ये राहत होतो. एका रविवारी सकाळी आम्ही दोघी जलाशयाभोवतीच्या जंगलातून चालून आलो. तिची आंघोळ चालू असताना मला तिच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, तिळाएवढा काळा ठिपका दिसला. घासला, निघेना. नीट पाहिलं तर त्याला पाय होते.

गोचीड मला नवी नव्हती. आजोळी गोठा होता. मामा म्हशीच्या कानातल्या गोचिडीवर तेलाचं बोट ठेवायचा, ती सैल झाली की उपटायचा आणि सरळ चुलीत टाकायचा. मीही तेच केलं. खोबरेल तेल लावलं, भुवया कोरायच्या चिमट्याने ओढली आणि गॅसच्या ज्योतीवर धरली. फट् असा बारीक आवाज झाला. ‘‘आई, सो क्रूएल लाह!’’ लेक टॉवेल गुंडाळून तिथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडली. मला मात्र मामाची भाची शोभल्याचा अभिमान वाटत होता.

संध्याकाळी ताईंना फोन लावला. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. अमेरिकेत, ईशान्येकडच्या एका झाडांनी भरलेल्या गावात त्या एकट्याच राहायच्या. आमची रविवारची संध्याकाळ म्हणजे त्यांची रविवारची सकाळ. मी गोचिडीचा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. पलीकडून हसू आलं नाही.

‘‘ठेवली आहेस ना ती?’’

‘‘अहो ताई, जाळली म्हटलं ना!’’

‘‘अगं, ठेवायची असते. डॉक्टरला दाखवायला लागते.’’

मग त्यांनी लाइम नावाच्या आजाराबद्दल सांगितलं. गोचिडीच्या पोटातले जंतू चावताना माणसात येतात, अंगावर बऱ्याचदा गोल चकती उठते, वेळेवर औषध घेतलं नाही तर पुढे सांधे धरतात. त्यांचे गुडघे त्यानेच गेले होते. हे त्यांनी आम्हाला पूर्वीही सांगितलं होतं. पण किडा चावून गुडघे जातात यावर आमच्या घरात कोणाचा विश्वास बसला नव्हता. लग्नाकार्यात सगळे सतरंजीवर आणि ताई खुर्चीवर, म्हणून त्यांच्या माघारी ‘अमेरिकेचे गुडघे’ असा शब्द रूढ झाला होता. आता तेच जंतू माझ्या लेकीच्या अंगात असू शकतात म्हटल्यावर माझा विश्वास एका मिनिटात बसला.

शहरातल्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. आमचा एकच नियम होता: दोष दिसला की आधी त्याचा पुरावा जपून ठेवायचा, मग मशीनला हात लावायचा. घाईने मशीन बंद करून चालू करणाऱ्यांवर मी फार करवादायची. आणि घरी मीच पुरावा खोबरेल तेलात बुडवून भाजला होता.

मग वाचायला बसले. भीतीपोटी बसले, पण थोड्याच वेळात भीती बाजूला राहिली आणि कुतूहलच मला ओढत गेलं. गोचीड जन्मते तेव्हा तिच्यात हे जंतू नसतात. ती पहिल्यांदा एखाद्या उंदराचं रक्त पिते, आणि त्या उंदरात ते असले तर तिच्यात येतात. म्हणजे सगळा उंदराच्या नशिबाचा खेळ! ताईंच्या बाजूच्या काही जंगलांत मोठ्या झालेल्या गोचिडींपैकी निम्म्यांच्या आसपास जंतू सापडतात. इतर कित्येक ठिकाणी शोधूनही हाती फारसं लागत नाही. ते वाहून नेणारी गोचिडीची जातही वेगळीच. आमच्या इथल्या गोचिडींत ते सापडल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. पण सापडले नाहीत की कोणी फारसे शोधले नाहीत? हा प्रश्न मी ऑफिसात रोज विचारायची, त्यामुळे घरीही सुटेना.

‘‘आई, हाऊ मेनी आउट ऑफ टेन?’’ लेकीने विचारलं.

‘‘इथलं माहीत नाही गं.’’

‘‘बट माइन इज ओन्ली वन, वॉट.’’

खरंच होतं. चावलेली एकच होती, आणि तिच्यात एक तर होते किंवा नव्हते.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डॉक्टरने पहिला प्रश्न तोच विचारला: गोचीड आणली आहे का? मी खोटं बोलले. म्हटलं, पडली कुठेतरी. लेक शांतपणे म्हणाली, ‘‘शी कुक्ड इट.’’ डॉक्टर बराच वेळ हसला. इथे तशी शक्यता फारच कमी, तो म्हणाला, पण महिनाभर पाठीवर लक्ष ठेवा. चकती किंवा ताप आला तर लगेच या.

मी रोज शाळेआधी खिडकीपाशी तिची पाठ उघडी करून फोटो काढायची. त्याच अंतरावरून, त्याच उजेडात, शेजारी फूटपट्टी धरून. ती वैतागायची, कधी शर्ट वर करून आपणच येऊन उभी राहायची. मधे एकदा लाल गोल दिसला तेव्हा मी फूटपट्टी लावून तो दोनदा मोजला. दुपारपर्यंत तो खाजून मावळला, डासच होता. तिसाव्या दिवशी पाठ स्वच्छ होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती गुदमरली.

पुढच्या रविवारी ताईंना सगळे फोटो पाठवले. त्यांनी एकेक करून पाहिले. मला सहज विचारावंसं वाटलं, ‘‘ताई, तुमची चकती कशी दिसत होती?’’

‘‘मी पाहिलीच नाही गं. पाठीवर उठली असणार, असं डॉक्टर नंतर म्हणाला. माझी पाठ कोण बघणार होतं?’’

लेक शेजारी बसून ऐकत होती. ‘अमेरिकेचे गुडघे’ हा शब्द घरात पहिल्यांदा मीच काढला होता. ते मी तिच्यासमोर ताईंना सांगून टाकलं आणि माफी मागितली.

‘‘माहीत होतं मला,’’ ताई म्हणाल्या. ‘‘तिच्या मानेवर, केसांत पाहिलंस ना? तिथेही लपतात त्या.’’