घराला एक हात

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीच्या एका दैनिकाला इंदापूर तालुक्याच्या बातम्या देत असे. निरवांगीच्या पलीकडच्या एका गावात ग्रामसभा होती. बायकांसाठी जागा राखीव झाल्यावर निवडून आलेल्या सरपंचबाईंची ती पहिलीच सभा. विषय एकच: सरकारी योजनेतला सार्वजनिक नळ गावात बसवायचा की माळावरच्या वस्तीत? वस्तीतल्या बायका हंडे घेऊन गावातल्या आडावर येत.

हात मोजायला जुने सरपंच उठले. त्यांना सगळे आबा म्हणत. यात्रेची वर्गणी उंबऱ्यामागे घेतली जाई, म्हणून मतही उंबऱ्यामागेच: घराला एक हात, तोही कर्त्या पुरुषाचा. यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही, सरपंचबाईंनाही नाही. वस्तीतली कुटुंबं पूर्वी मेंढरं राखणारी, आता शेती करणारी; चार-चार भाऊ एका चुलीवर जेवत. माणसं पुष्कळ, उंबरे थोडे. आबांनी निकाल दिला, नळ गावात.

वस्तीतली एक म्हातारी उठली.

"आबा, निवडणुकीला माझ्या दारात आला हुता. तवा मत उंबऱ्याला मागितलं का मला?"

पुरुषांत हशा पिकला. निवडणूक वेगळी, गावाची बैठक वेगळी, असं आबांनी समजावलं.

"त्याच मतानं ही बाई खुर्चीत बसली न्हवं? मग आता मी कुठं गेले?"

सरपंचबाईंनी ग्रामसेवकाला विचारलं. मतदार यादीतल्या प्रत्येकाला हात आहे, असं तो म्हणाला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, माणसं मोजा."

एका हातानं पदर धरून बायकांनी दुसरा वर केला. वस्तीच्या बाजूनं आबांच्या पत्नीचाही हात होता. आबा मोजता मोजता थांबले.

"अगं, तू गावातली."

"व्हय. पर आडावरची भांडणं रोज मीच मिटवती. नळ तिकडं गेला तर माझी सुटका हाय."

या वेळी बायका मोठ्यानं हसल्या. आबाही हसले, आणि तो हात त्यांनी मोठ्यानं मोजला. नळ वस्तीला मिळाला.

आठवड्याभरात जागा ठरवायला सरपंचबाई वस्तीवर गेल्या, मीही गेलो. म्हातारीला नळ आपल्या दारात हवा होता, बाकीच्यांना चिंचेखाली. वाद वाढला तशी म्हातारीच म्हणाली, हात वर करा. तिच्या बाजूनं ती आणि तिची सून. नळ चिंचेखाली गेला.

पाणी आलं त्या सकाळी पहिला हंडा तिनंच भरला. भरेपर्यंत ती सरपंचबाईंना सुनावत होती की नळाभोवतीचं सिमेंटचं कोंडाळं वाटेकडं उतरतं बांधलंय, चिखल होणार. सरपंचबाईंनी खाली वाकून पाहिलं आणि गवंड्याला परत बोलावून घेतलं.