कुत्रं चावल्यानंतरचे दिवस

आमचं बिऱ्हाड धारला होतं. हे तिथल्या शाळेत गणित शिकवीत. माझं माहेर देवासचं. मला पाचवा महिना लागला होता, आणि एके सकाळी पानावर बसल्या बसल्या हे म्हणाले, "तू उद्याच देवासला जा."

"पाचव्यातच? आई काय म्हणेल?"

"काही म्हणू दे. जा."

असा आवाज त्यांचा कधी नसे. हे शाळेत गेल्यावर मी त्यांचं मेज पाहिलं. चौकटींचा एक कागद होता. खाली ओळीने दिवसांचे आकडे, त्यांच्यावर शाईचे ठिपके. डावीकडे एखाददुसरा, मध्ये दाटी, उजवीकडे पुन्हा विरळ. पहिले सव्वीस आकडे तांबड्या पेन्सिलीने खोडलेले.

संध्याकाळी मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. तेव्हा त्यांनी सांगितलं. सव्वीस दिवसांपूर्वी मुंज तलावाच्या पाळीवर फिरताना कुत्रं पोटरीला चावलं होतं. मला मात्र 'बाभळीचा काटा लागला' म्हणाले होते. कुत्रं साधंच दिसलं, म्हणून जखम धुऊन सोडून दिली. पण त्याच सकाळी ते कुत्रं एका गवळ्याच्या गाईलाही चावलं होतं, आणि ती गाय आता पिसाळून मेली होती.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. लस पार सिमल्याकडच्या पहाडात टोचतात. तिथे पोचून ती अंगी लागेपर्यंत धोक्याचे दिवस निघून जातील, म्हणाले."

ठिपके डॉक्टरांच्या वहीतले होते. एक ठिपका म्हणजे एक माणूस. चावल्यावर कितव्या दिवशी तो पिसाळला, ते दाखवणारा. ह्यांनी त्यांवरून टेकडीसारखी एक रेघ ओढली होती. कॉलेजात ताऱ्यांच्या वेधांतल्या चुकांसाठी, तोफेचे गोळे कुठे पडतील त्यासाठी अशा टेकड्या काढीत असू, म्हणाले. पण त्या दोन्ही बाजूंनी सारख्या असत. हिची एक बाजू उभी चढणारी, आणि दुसरीकडे लांबच लांब शेपूट.

"आपण कुठे आहोत?" मी विचारलं. त्यांनी ऐन चढावर बोट ठेवलं.

"आणि हे संपतं कुठे?"

"संपत नाही. बारीक होत जातं."

मी देवासला गेले नाही. त्यानंतर रोज सकाळी ते एक आकडा खोडत आणि मी त्यांना पाण्याचा पेला देई. पिसाळलेल्याला पाणी गिळवत नाही; ते ह्यांच्या घशाखाली उतरलेलं दिसलं की माझा दिवस सुरू होई.

त्रेचाळिसाव्या दिवशी हे भर दुपारीच शाळेतून परतले. मी पाणी दिलं. एक घोट घेतला, गळ्याला हात लावला आणि पेला खाली ठेवला.

"घ्या ना."

त्यांनी मान हलवली. डोळे पाण्याने भरले होते.

मी तशीच अनवाणी धावत सुटले. डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे राहत. जेवणावरून उठून ते आले आणि आधी पंख्याने ह्यांच्या तोंडावर वारा घातला. पिसाळलेला माणूस वाऱ्यानेही दचकतो; हे दचकले नाहीत. मग चमच्याने जीभ दाबून उजेडात घसा पाहिला.

"वहिनी, घशात गाठी सुजल्या आहेत. तापही आहे. हे ते नव्हे. मास्तर, दुखेल, पण प्या."

ह्यांनी कण्हत कण्हत पेला संपवला. रिकामा पेला मी त्यांच्या हातातून घेतला.

डॉक्टर निघताना मला जे सुचलं ते मी विचारलं. "डॉक्टरसाहेब, ज्यांना चावलं आणि काही झालं नाही, त्यांचे ठिपके कुठे आहेत?"

ते दारातून मागे वळले. "त्यांचे नाहीत. पिसाळले तेवढेच माझ्या वहीत आले."

हे अंथरुणावरून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे पिसाळलो तर केव्हा, एवढंच हा कागद सांगतो. पिसाळेन की नाही, ते सांगत नाही. मला सुचायला हवं होतं."

डॉक्टरांनी मग कुत्रं चावल्यावर दवाखान्यात पट्टी बांधून गेलेल्यांची जुनी नावं काढली आणि त्यांचा शोध घेतला. त्यांतली एक कुंभारीण त्यांनी आमच्याकडे मुद्दाम पाठवली. तिने दंडावरचे दातांचे वण दाखवले; तिला काही म्हणता काही झालं नव्हतं. "म्हारे तो कंई नी हुयो, बई," ती म्हणाली आणि माझ्या पोटाकडे पाहून हसली. असे आणखीही काही सापडले. पण ती कुत्री खरंच पिसाळलेली होती का, हे कोण सांगणार? माझी भीती थोडी उतरली, गेली नाही.

मुलगी झाली तेव्हा आम्ही चढ कधीच ओलांडला होता, शेपटावर होतो. तरी ह्यांनी तिला उचललं नाही. दारात उभे राहून पाहत. बारसंही तसंच झालं. बाळंतपणाला आलेली माझी आई म्हणाली, "जावईबापूंना मुलगी नको होती की काय?" मी मुलीला पदराखाली घेतलं.

ती बसायला लागली तेव्हा एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते. ओसरीवर ती रडायला लागली आणि एकदम थांबली. बाहेर येऊन पाहिलं, तर ह्यांनी तिला उचलून घेतलं होतं. तोंड मात्र दुसरीकडे वळवलेलं होतं, श्वाससुद्धा तिला लागू नये असं.