देव जेवत असताना

हे गेले आणि घरातला बाळकृष्ण माझ्या वाट्याला आला. पूजा आयुष्यभर यांनीच केली, मी फक्त फुलं आणि नैवेद्य पुरवायचे. आता सगळंच माझ्याकडे आलं, पण नुसते हात चालायचे. पलीकडे कोणी ऐकतंय का, हा प्रश्न रोज मनात यायचा आणि मी तो ताम्हनातल्या पाण्याबरोबर तुळशीत ओतून द्यायचे. तसाच दुसरा वेडेपणा म्हणजे यांचा जुना बटणांचा फोन. तो मी चालू ठेवला होता. “आई, तो नंबर बंद कर ना आता,” असं लेक जबलपूरहून सांगायची. मी हो म्हणायचे आणि पुन्हा रिचार्ज मारायचे. माणूस गेलं, निदान नंबर तरी लागू दे, एवढंच वाटायचं.

आम्हा दोघांना एकच व्यसन होतं, लांब पल्ल्याच्या रेल्वेचं. इंदिरानगरच्या घरातून रिक्षाने नाशिकरोडला यायचं आणि जिथे पोचायला एक-दोन रात्री लागतात अशी कुठलीही गाडी पकडायची. गाव कसं का असेना, प्रवास मोठा हवा. त्यात मी जन्माची चौकस. समोरच्याच्या डब्यात कसली भाजी आहे, सून कशी मिळाली, हे मनमाड यायच्या आत मला कळलेलं असायचं. सकाळी डोळे उघडावेत तर मातीचा रंग बदललेला, चहाची चव वेगळी, फेरीवाल्यांच्या हाका निराळ्या, आणि आपण मात्र मांडी घालून त्याच खिडकीशी. “पुरे झाल्या चौकश्या, झोपू दे त्या बिचाऱ्याला,” असं हे म्हणायचे. बाळकृष्ण पितळी डबीतून बरोबर असायचाच. सकाळी बर्थवर पूजा, दशमी-गुळाचा नैवेद्य, आणि मग यांचा ठरलेला नियम: देव जेवत असताना आपण टक लावून बसायचं नाही. घरी हे गॅलरीत जाऊन उभे राहत. गाडीत असलो की फलाटावर उतरत. “पण खातो का हो तो खरंच?” मी विचारायचे. “बघत बसलीस तर लाजेल,” एवढंच उत्तर मिळायचं.

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे जायला मी पहिल्यांदाच एकटी गाडीत बसले. समोर सायखेड्याचं शेतकरी जोडपं होतं, सुमनबाई आणि त्यांचे मालक. त्यांचा मुलगा जबलपूरला फौजेत, त्याला भेटायला निघाले होते. दिवे मालवायच्या आत त्यांच्या द्राक्षबागेपासून व्याह्यांपर्यंत सगळं माझं विचारून झालं. सकाळी इटारसी आलं. माझ्या फोनची वायर घरीच राहिली होती, त्यामुळे त्याने रात्रीच मान टाकलेली. मी पूजा केली, दशमी ठेवली. त्या दिवशी मनात आलं, आज बघायचंच, खरंच काय होतं ते. पण सवय मोडवेना. “सुमनबाई, देव जेवतोय, तिकडे बघू नका हं,” असं हसत सांगून मी पाण्याची बाटली घेतली आणि उतरले. फलाटावर एक माणूस फडक्याने झाकलेला पिंजरा घेऊन चालला होता. आत काय असेल? मी थोडी त्याच्या मागे गेले, मग आणखी थोडी. वळून पाहिलं तर गाडी सुटली होती.

गुडघ्यांनी पळू दिलं नाही. पैसे, कपडे, सगळं गाडीत गेलं, त्याचं काही वाटलं नाही. यांनी ज्याला एक दिवस उपाशी ठेवलं नाही, त्या देवाला मी एका पिंजऱ्यापायी हरवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. बाकावर बसून मी हमसून हमसून रडले. एक महिला पोलीस जवळ आली. “माताजी, घर में किसी का नंबर याद है?” लेकीचा नंबर फोनमध्ये होता, पाठ कधी केलाच नव्हता. माझा सांगितला, तो बंद लागला. मग मला येणारा एकच नंबर उरला, यांचा. त्यांचा फोन मी देवाच्याच पिशवीत ठेवलाय, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही नव्हतं. पाठ होता म्हणून तोंडातून आला. रिंग वाजत राहिली आणि पलीकडून कोणीतरी उचलला.

“हॅलो, ताई का वो? मी सुमन. देवाच्या पिशवीत वाजत व्हता, उचलावा का नाय ते कळंना. कुठं राह्यल्या वो तुम्ही? लय घाबरलो आम्ही.”

मी “देव?” एवढंच विचारलं.

“हाय ना, हितंच हाय, जेवतोय अजून. तुम्ही दिसता का म्हणून आम्ही दोघं तवापासून खिडकीकडंच तोंड करून बसलोय. आता तिकडं बगितलं तर चालंल का, तेवढं सांगा.”

त्या पोलीस बाईंनी मला मागच्या गाडीत बसवून दिलं. जबलपूरला फलाटावर ती दोघं माझं सामान राखत बसली होती. घ्यायला आलेल्या मुलालाही त्यांनी थांबवून ठेवलं होतं. सुमनबाईंनी पदराखालून डबी काढून माझ्या हातात दिली आणि वर अर्धी दशमी ठेवली. “निम्मी आम्ही परसाद म्हणून खाल्ली. ही तुमची.” मी ती तिथेच उभ्याने खाल्ली. यांच्यामागे मला कोणी वाढून दिलेला तो पहिला घास होता.

चालू फोन वाजणारच, त्यात चमत्कार नाही, हे मलाही समजतं. पण तो चालू ठेवायची बुद्धी मला कोण देत होतं, आणि ती दोघं नेमकी माझ्याच समोर कशी आली, हे मला सांगता येत नाही. मी जन्माची चौकस, तरी हे खोदून विचारावंसं वाटत नाही. पिंजऱ्यात काय होतं तेही कळलं नाही, राहू दे. देव खातो का, ते त्याचं तो जाणे. माझ्या पानात त्याने वाढलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. परवा लेकीने आपण होऊन यांच्या फोनला रिचार्ज मारला. सकाळी मी नैवेद्य ठेवला, गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि मागे वळून पाहिलं नाही.