शपथपत्रातली एकोणीस वर्षं

लॉच्या दुसऱ्या वर्षाला असताना, फेब्रुवारीत, मी पुण्या-मुंबईच्या अकरा लॉ फर्म्सना उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी ईमेलने अर्ज पाठवले. अर्धा मार्च संपला तरी एकाचंही उत्तर आलं नाही. नकारसुद्धा नाही. नकाराचं मला काही वाटलं नसतं. पण अर्ज गेला आणि पुढे त्याचं काय झालं हे कळत नाही, हे सहन होत नव्हतं.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. हिंगोलीत तहसील कार्यालयासमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. फेरफार, वारसनोंद, दाखले, बांधाच्या तक्रारी, लागेल ते लिहून देते. माझा अर्ज सहसा त्रुटी काढून परत येत नाही. त्या दोन वर्षांत सकाळी नांदेडला कॉलेज आणि दुपारनंतर टेबल असं चाललं होतं.

इंटर्नशिप कोर्सला लागतेच. ती ओळखीच्या वकिलाकडेही झाली असती. तिथे मी टायपिंग केलं असतं आणि तारखा घेतल्या असत्या, म्हणजे जे येत होतं तेच महिनाभर केलं असतं. पण अलीकडे माझ्याकडे लोक वेगळे कागद घेऊन यायला लागले होते. सोलर कंपनीला जमीन भाड्याने, गोदामासाठी जागा भाड्याने, तीस-तीस पानांचे इंग्रजी करार. सही आधीच झालेली असायची आणि मग विचारायचे, बाई, यात काय लिहिलंय? शब्द मला कळत होते, पण अडचण कोणत्या कलमात लपवलीय ते कळत नव्हतं. सही झाल्यावर कागद वाचायचा मला वीट आला होता. ते बनतात तिथे बसून बघायचं होतं. हाच उन्हाळा हातात होता. पुढचं वर्ष शेवटचं, मग परीक्षा, मग सनद. त्यानंतर पंचेचाळिशीच्या बाईला शिकवायला कोण बसवून घेणार?

म्हणून दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघायचे. एका अर्जाचा ‘विषय’ टाइप केला की मेल, ‘महोदय’ टाइप केलं की मेल. तांड्यावरून फेरफारासाठी आलेले एक आजोबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमचं कुणी दवाखान्यात हाय का?” मी नाही म्हटलं. “मंग मोबाइल ठिवा की. माझ्या बापाचं नाव दोनदा चुकलं.” बघितलं तर खरंच चुकलं होतं.

लेक पुण्यात इंजिनिअरिंगला होती. तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिने नेमकं काय पाठवलंय ते मागितलं. पाठवलं. अर्ध्या तासाने तिचा फोन आला.

“आई, हा अर्ज न्हाई. ही फाइल हाय.”

अर्ज मी माझ्या पद्धतीने केला होता. विषय, संदर्भ, अर्जदाराची पार्श्वभूमी, सबब विनंती. सगळं इंग्रजीत, पण ठेवण तहसीलची. सोबत सहपत्रं: सगळ्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचं प्रमाणपत्र, कॉलेजचं बोनाफाइड, आणि बी.ए.नंतर इतकी वर्षं शिक्षण का थांबलं याचं शपथपत्र. सगळं साक्षांकित, क्रमांक घातलेलं, एका पीडीएफमध्ये सदतीस पानं. लेक म्हणाली की तिथे एक पान लागतं, आणि त्यात तुला काय येतं एवढंच. मी म्हटलं, कागद कमी पडला म्हणून अर्ज फेटाळलेले मी रोज बघते, जास्त झाला म्हणून फेटाळलेला अजून बघायचाय. ती हसली, पण त्याचा मला काही उपयोग नव्हता.

शेवटी ठरवलं की जाऊन पोच घ्यायची. आपल्याकडे अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कुणी खिडकी सोडत नाही. पोच असली की नंतर कुणी ‘मिळालाच नाही’ म्हणू शकत नाही. नवरा एसटी डेपोत मेकॅनिक आहे. तो म्हणाला, “मेलवर गेलेल्या अर्जाची पोच घ्यायला पुण्याला कोण जातं?” मी जाते म्हटलं. सोबत यायला रजा काढतो असं काही तो म्हणाला नाही, फक्त परत कधी येणार ते विचारलं. मी दोन प्रती छापल्या आणि निघाले.

पहिलं ऑफिस पाचव्या मजल्यावर होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने कोणत्या केससाठी आलात ते विचारलं. इंटर्नशिपसाठी म्हटल्यावर तिने माझ्या मागे बघितलं. मुलगी सोबत आहे का, असं अगदी अदबीने विचारलं. मी म्हटलं, मुलगी कॉलेजात आहे, विद्यार्थिनी मीच. मग प्रत पुढे केली आणि पोच मागितली. शिक्का तिच्याकडे नव्हता, आवक रजिस्टरही नव्हतं. अर्ज मेलवरच घेतो म्हणाली. मेलवर महिन्यापूर्वीच दिलाय, म्हणून तर आले, असं मी सांगितलं. आमचं हे चालू असताना आतून एक वकीलबाई आल्या. पस्तिशीच्या आत-बाहेर, हातात चहा. सही कुणाला हवीय म्हणून बघायला आल्या असाव्यात. त्यांनी माझी फाइल उचलली आणि उभ्याउभ्याच चाळायला लागल्या. गुणपत्रिकांवर थांबल्या नाहीत. शपथपत्रावर थांबल्या.

“एकोणीस वर्षं तुम्ही काहीच केलं नाही?”

“मॅडम, ते तसंच लिहितात.”

“कोण लिहितं?”

“मीच. लोकांचंही मीच लिहून देते. तहसीलसमोर टेबल आहे माझं.”

“किती वर्षं?”

“व्हय ना, तीच एकोणीस.”

त्यांनी शपथपत्र माझ्यासमोर धरलं. ‘सदर कालावधीत मी घरीच होते, कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केला नाही.’ गॅपच्या शपथपत्राचा हा मजकूर कॉम्प्युटरमध्ये कायमचा पडलेला असतो. फक्त नाव आणि वर्षं बदलायची. शेकडो मुलांना मी तो काढून दिला होता, आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी स्वतःलाही, वाचल्याशिवाय. खाली माझी सही, सत्यप्रतिज्ञेवर. आणि हे सगळं कायद्याच्या विद्यार्थिनीचं.

त्या म्हणाल्या, “हे आधी कॉलेजला कळवून दुरुस्त करून घ्या. आणि आत्ता इथे बसून मला एक पान लिहून द्या. ही एकोणीस वर्षं काय केलं ते.”

मी सोफ्यावर बसले. त्यांनी कोरा कागद दिला. दुसऱ्याचं पान मी दहा मिनिटांत करते. हे जमेना. पहिलं वाक्य ‘अर्जदार ही’ असं सुरू झालं, ते खोडलं. दुसरा कागद मागून घेतला. मग लिहिलं की मी रोज पंधरा-वीस माणसांचं ऐकून त्यातलं कामाचं तेवढं कागदावर आणते. सातबारा वाचता येतो, त्यातली चूक सांगता येते. भाडेकरार वाचून लोकांना मराठीत सांगते, पण त्यातली फसवी कलमं मला ओळखता येत नाहीत, ती शिकायची आहेत. एवढंच. पाऊण तास लागला.

त्यांनी वाचलं. सातबाराबद्दल दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं मला येत होती. मग म्हणाल्या की मेच्या जागा डिसेंबरमध्येच भरल्या आहेत, महिनाभर शक्य नाही. पण जमिनीच्या करारांचं काम करणारी एक टीम आहे, तिच्यासोबत पंधरा दिवस बसायला मिळेल. मी हो म्हटलं. विचार करून सांगते वगैरे काही म्हटलं नाही.

खाली आले तेव्हा बारा वाजले होते. महिना हवा होता, पंधरा दिवस मिळाले होते. समोरच्या दुकानात त्या एका पानाच्या दहा झेरॉक्स काढल्या. सदतीस पानांची दुसरी प्रत पिशवीतच राहू दिली. यादीतलं दुसरं ऑफिस तिथून दोन चौकांवर होतं. जेवायची सुट्टी व्हायच्या आत पोचायचं होतं म्हणून रिक्षा केली.