गोळीमावशी

समोरच्याचा चेहरा बघून तो कुठल्या वळणावर उलटी करणार, हे गोळीमावशी आधीच सांगायची. कपाळावर घाम, ओठ पांढुरके, हात खिडकीच्या दांडीवर. एवढं दिसलं की ती शेजारणीला म्हणायची, "हिला खिडकीशी बसव गो. खिंड लागायच्या आत ही ओकेल." आणि तसंच व्हायचं.

तिचं खरं नाव हिराबाई. निडीजवळच्या वाडीवरची. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात ती माती मळायला यायची, मी रंगकामाला होते. ती रोज आगगाडीने ये-जा करायची, तिथे तिला काही होत नसे. रस्त्यावरच्या गाडीत मात्र तिचा जीव निम्मा व्हायचा. तरुणपणी एकदा वडापच्या जीपमध्ये तिला उलटी झाली, तेव्हा ड्रायव्हरने तिला गडबच्या अलीकडे भर उन्हात उतरवून दिलं होतं. पोट धरून ती घरापर्यंत चालत गेली. पुढे कुणा डॉक्टरने गाडी लागू नये म्हणून एक गोळी दिली आणि तिचा प्रवास सुखाचा झाला. तेव्हापासून कमरेच्या पिशवीत त्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. "मना उतरवलं तसं कोणाला उतरवू नये," असं म्हणत ती मागेल त्याला गोळी द्यायची. न मागणाऱ्यालाही द्यायची.

आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एवढीशी गोळी, औषधाच्या दुकानात सहज मिळणारी. तिने काय बिघडणार, असंच आम्ही सगळ्या समजत होतो.

गणपती संपले की कारखान्यातल्या बायकांची सहल निघायची. त्या वर्षी रोह्यावरून मुरूडला जायचं ठरलं होतं. सुगंधा नावाची एक नवी मुलगी आमच्यात होती, साच्यातून काढलेल्या मूर्ती घासायला. तिची लेक दहा महिन्यांची. मुलीला सर्दी होती, तरी घरच्यांशी भांडून ती आली होती. लग्नानंतरची तिची ती पहिलीच सहल.

भिसे खिंडीत बाळाने दोनदा दूध टाकलं. सुगंधा रडवेली झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशीला सांगा." मावशी उठली, गोळी मोडून अर्धी केली, चमच्यात कुसकरली आणि पाण्यातून बाळाला पाजली. मी शेजारीच होते. चमचा पुसायला माझाच रुमाल दिला. रोह्याला नाश्ता होईपर्यंत बाळ शांत झोपलं आणि आम्ही सगळ्यांनी मावशीचं कौतुक केलं.

रोहा सोडून अर्धा तास झाला असेल. सुगंधा बाळाला दूध पाजायला उठवू लागली, तर बाळ उठेना. तिने गालावर टिचक्या मारल्या, पाय हलवले. हात उचलला की तो तसाच खाली पडत होता. मी वाकून बघितलं. ओठ जांभळट झाले होते आणि छाती इतक्या हळू हलत होती की पुढचा श्वास येतो की नाही, याची वाट बघावी लागत होती. गाडीतली गाणी बंद झाली. ड्रायव्हरने कुणी सांगायच्या आधीच गाडी वळवली.

त्या अर्ध्या तासात मावशी सुगंधाच्या पायाशी खाली बसून बाळाचे तळवे चोळत होती.

रोह्यात एका दवाखान्यात बाळाला आत नेलं. आमचे कारखान्याचे शेठ सहलीला आले होते. त्यांनी आम्हा बायकांना बाजूला घेतलं. "गोळीबिळीचं कोणी काढू नका. पोलिसांचं लचांड होईल. नाश्त्यातलं काही बाधलं म्हणून सांगा." आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. आज लिहितानाही त्याचं मला आश्चर्य वाटतं. डोळ्यांसमोर एक मूल निळं पडलेलं असताना मी मान डोलावली होती.

आत डॉक्टर सुगंधाला विचारत होते, "काही औषध दिलं होतं का?" सुगंधा म्हणाली, "नाय. काय नाय दिलं."

तेवढ्यात मावशी पडदा सारून आत गेली. कमरेची पिशवी सोडून तिने पट्टी डॉक्टरांपुढे धरली. "मी दिली. हीच गोळी. अर्धी, पाण्यातून. खिंडीत दिली, त्याला दीड-दोन तास झाले असतील."

डॉक्टरांनी पट्टी वाचली आणि परिचारिकेला भराभरा काही सांगितलं. मग मावशीकडे वळून म्हणाले, "दोन वर्षांखालच्या मुलाला ही द्यायचीच नसते, बाई. श्वास मंद होतो. बंदही पडू शकतो." मावशी भिंतीला टेकली. थोड्या वेळाने डॉक्टरच म्हणाले, "पण सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो."

बाळाला प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नीट रडलं, तेव्हा डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला, आमचाही. सुगंधाचा नवरा नागोठण्याच्या कंपनीतली शिफ्ट सोडून आला होता. तो दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांदेखत मावशीला म्हणाला, "तू माझी पोर मारली असतीस. तुझी सावली नको आमच्यावर." मावशी म्हणाली, "व्हय. मारली असती." एवढंच बोलून ती मान खाली घालून उभी राहिली.

सुगंधाने काम सोडलं. कारखान्यात मावशीच्या हातचं कुणी काही खाईना. तिने आणलेल्या चिंचेला, काकडीला कुणी हात लावेना. मीही लावला नाही.

महिन्याभराने ती माझ्याकडे एक खोकं घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. "ह्यात कागद असतो म्हणे. तो मना वाचून दाखव. एकपण अक्षर सोडू नको." कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मला निम्मं समजेना, म्हणून आम्ही दोघी बाजारातल्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने बसवून घेऊन समजावलं. मावशी प्रत्येक वाक्य त्याच्यामागून म्हणत होती. जी गोळी आम्ही बडीशेपेसारखी वाटून खाल्ली होती, तिने इतकी झोप येते की ती घेऊन गाडी चालवायची नसते. दारूबरोबर ती घेतली तर माणूस उठायचा नाही. काचबिंदू असलेल्याने, लघवीला अडणाऱ्याने, पोटुशी बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. प्रवासाच्या अर्धा तास आधी घ्यायची, आणि गुण आला नाही म्हणून लगेच दुसरी घ्यायची नाही. सर्दीच्या, खाजेच्या पुष्कळ औषधांत याच जातीचं औषध असतं, तेव्हा दोन्ही एकदम नकोत.

"इतकी वर्षं मी काय करत व्हते गो," मावशी परतताना म्हणाली. रस्त्यात ती एकदा थांबली आणि दिलेल्या माणसांची नावं आठवू लागली. मी तिला हाताला धरून चालवलं.

त्यानंतर तिच्याकडून गोळी मिळणं मुश्कील झालं. आमच्याकडचा मातीकाम करणारा म्हातारा एकदा लग्नाला निघाला होता. त्याने गोळी मागितली, तर तिने भर कारखान्यात विचारलं, "लघवीला जोर करावा लागतो काय?" तो लाजून लाल झाला. तिने सोडलं नाही. शेवटी तो हळूच हो म्हणाला. गोळी न देता तिने त्याला आधी डॉक्टरकडे धाडलं. लेकुरवाळ्या बायकांना ती पुढच्या बाकावर बसवायची, समोर लांब बघायला सांगायची, पोटभर खाऊन निघू द्यायची नाही. "पोराला काय देऊ नका. उलटी पुसता येते," असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी ती वारली. थोडक्या दिवसांचा ताप झाला आणि गेली. बाराव्याला मी निडीला गेले. वाडीवरच्या घरासमोर माणसं बसली होती. तिथे सुगंधा आली. सोबत सात-आठ वर्षांची दोन वेण्यांची मुलगी होती. नवरा मोटरसायकलजवळच थांबला.

त्या दोघांना बघून मला आधी राग आला. मग सुगंधा माझ्याशेजारी बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, त्या दिवशी सकाळी मी हिला सर्दीचं औषध पाजलं व्हतं. सासू नको म्हणत व्हती, तरी पाजलं. गाडीत रडू नये म्हणून जरा जास्तच."

मी तिच्या मुलीकडे बघितलं.

"डॉक्टरांनी विचारलं तवा मी नाय म्हणाले. घरी सोडताना ते म्हणाले, सर्दीच्या औषधात पण हेच असतं, कधी दोन्ही देऊ नका. तवा मना कळलं मी काय केलं ते. कारखान्यातून सामान न्यायला आले तवा मावशीला सगळं सांगितलं. म्हटलं, घरी जाऊन सांगते. तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'नको गो. तुना घरात ठेवायची नायत. मी बोलणी खाल्लीच हायत, तीच पुरं.'"

डॉक्टरांपुढे पट्टी धरणारी मावशी मला माहीत होती. ही मावशी मला माहीत नव्हती. तिच्या शेजारी मी पुढे इतकी वर्षं काम केलं, तिची काकडी नाकारली, आणि तिने यातलं एक अक्षर माझ्याकडे काढलं नाही.

सुगंधा उठली. मुलीला माझ्याजवळ बसवून मोटरसायकलपाशी गेली. ती काय बोलली ते इथवर ऐकू आलं नाही. नवऱ्याचा चेहरा तेवढा दिसत होता. त्याने एकदा हात उचलला आणि तो तसाच खाली गेला. मग बराच वेळ तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटी तो अंगणात आला. मावशीचा मुलगा पाहुण्यांना पाणी देत होता, त्याच्यापुढे येऊन थांबला.

"मी तुझ्या आईला लय बोललो व्हतो," तो म्हणाला.

मुलाने त्याच्याकडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. "बसा," तो म्हणाला. "जेवून जा."