व्हेल शार्क मिळत नाही

"मॅडम, हा मासा तुम्ही विकलात?" वनखात्याच्या साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "पाच रुपयांना एक."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

मी तेव्हा भिगवणजवळच्या एका गावात सब-पोस्टमास्तर होते, म्हणजे छोट्या पोस्टाची मुख्य. माझं माहेर लासुर्ण्याचं आणि सासर पिंपळीचं. दोन्ही घरांत मासा कधी शिजला नाही. तरी त्या दिवशी भर दुपारी मी युनूसभाईंच्या मच्छी हॉटेलात उभी राहून एका माशाबद्दल सरकारी जबाब देत होते.

तो मासा तिकिटावरचा होता. पोस्टात दोन प्रकारची तिकिटं येतात. एक रोजच्या वापराची, ती कायम छापली जातात. दुसरी विशेष तिकिटं, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या गौरवासाठी काढलेली. ती एकदाच छापतात. प्रत्येक पोस्टाला त्यांचा कोटा येतो आणि कोट्याच्या मागोमाग टार्गेट येतं. त्या वेळी कोटा आला तो समुद्रातल्या संरक्षित जीवांचा. निळं पाणी, त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा व्हेल शार्क आणि खाली बारीक अक्षरांत तो संरक्षित असल्याचं लिहिलेलं.

आमच्या गावापासून समुद्र लांब. पोस्टात माणसं येतात ती बचत खात्यासाठी, नाहीतर आधारकार्डासाठी. तिकीट कोण मागतो? महिनाअखेरीस वरच्या ऑफिसातून पोस्टाच्या साहेबांचा फोन यायचा, "बाई, मासे संपले का?" मी म्हणायचे, "पोहतायत अजून."

युनूसभाई मुलाणी दर महिन्याला रिकरिंग खात्याचा हप्ता भरायला यायचे. हायवेला त्यांचं हॉटेल. वडिलांनी काढलेलं, यांनी वाढवलेलं. मी सहज म्हणाले, तुमच्याच धंद्यातलं तिकीट आलंय, बघा तरी. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"सरकारनं माशाचं तिकीट काढलं?"

"काढलं."

"आजपतूर माणसांचीच बघितली. माशाचा मान पयल्यांदाच बघतुया." आणि त्यांनी अख्खी शीट घेतली. शीट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तिकिटांचं पान. चिकटवू नका, फ्रेम करा, असा सल्लाही मीच दिला. साहेबांचे फोन थांबले. मला फार हलकं वाटलं.

त्यांनी फ्रेम केली ती दर्शनी भिंतीवर लावली. आता त्या भिंतीबद्दल सांगायला हवं. युनूसभाईंच्या हॉटेलात मेनूकार्ड नाही. भिंतीवर चिलापी, कटला, मरळ, वाम यांची रंगवलेली चित्रं आहेत. गिऱ्हाइकानं चित्राकडे बोट दाखवायचं, हमीदनं "हाय" म्हणायचं आणि आत जायचं. हमीद म्हणजे युनूसभाईंचा मेहुणा, पन्नाशीचा माणूस. गिऱ्हाइकाला तोंडावर "न्हाय" म्हणायचं नाही हा त्याचा नेम. मरळ संपलेली असली तरी आधी "हाय" म्हणायचा. थोड्या वेळानं बाहेर येऊन सांगायचा, "मरळ बारीक हाय, कटला बघा कसा हाय." सगळे कटला घ्यायचे.

ओळीत शेवटी माझी फ्रेम. पुण्याचं एक कुटुंब जेवायला थांबलं. त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवून विचारलं, हा आहे का? हमीद म्हणाला, "हाय." त्या दिवशी गर्दी होती, त्यामुळे बाहेर येऊन दुरुस्ती करायचं राहून गेलं. त्यांनी कटला खाल्ला, छान आहे म्हणाले, फ्रेमखाली ताट धरून फोटो काढला आणि मोबाईलवर टाकला. मग कुणीतरी फोटो मोठा करून तिकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि इथं संरक्षित मासा शिजतो, अशी बोंब उठली.

पुढच्या आठवडाभरात तो फोटो माझ्या नणंदेकडूनही मला आला. हॉटेलापुढे गाड्या थांबेनाशा झाल्या. थांबल्या तर माणसं काच खाली करून वाईट बोलायची आणि निघून जायची. शेवटी वनखात्याकडे तक्रार गेली, साहेब आले आणि युनूसभाईंनी मला फोन केला, "बाई, तिकीट तुमी दिलं, तवा तुमीच समजावा."

साहेब भला माणूस होता. विशेष तिकिटाबरोबर माहितीपत्रक येतं आणि पोस्टात दुपारी वाचायला दुसरं काही नसतं, त्यामुळे माझं ते पाठ होतं. मी सांगितलं की हा जगातला सगळ्यात मोठा मासा, एसटीएवढा वाढतो, खाऱ्या पाण्याबाहेर जगत नाही. साहेब आत गेले, कढई बघितली आणि बाहेर आले.

"मॅडम, मला कळतंय," ते म्हणाले. "पण यांचा माणूस 'आहे' म्हणाला, हे ऐकणारे लोक आहेत. तो मासा दिला नसेल, तर काय दिलं ते मला लिहावं लागेल. मालकांनी सांगावं."

साधा प्रश्न होता. पण गल्ल्याच्या वर युनूसभाईंच्या वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी होती, 'जो मासा दाखवू तोच ताटात'. शेजारच्या हॉटेलांचे मालक येऊन उभे होते, मासळी बाजारातली माणसं होती. शार्क दिला म्हणावं तर गुन्हा. कटला दिला म्हणावं तर ती पाटी खोटी, तीही सगळ्या धंद्यासमोर. युनूसभाई पाटीकडे बघत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

हमीद पुढं आला. "दाजी, माझं नाव सांगा. मी एकट्यानं केलं म्हना."

"तू गप," युनूसभाई म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "लिवा साहेब. शार्क म्हनून कटला दिला. आमच्या हाटेलात गिऱ्हाइकाला फसवलं. बोलला ह्यो, पन हाटेल माझं हाय."

साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली आणि जाताना म्हणाले, "माझ्याकडून विषय संपला." युनूसभाईंचा संपला नव्हता. त्यांनी स्टूल घेतलं आणि बापानं लावलेली पाटी स्वतः उतरवली. मी पदर तोंडाला लावून रस्त्याकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात आले ते फ्रेम घेऊनच. त्या पुणेकरांनी मोबाईलवरून बिल भरलं होतं, त्यामुळे नंबर सापडला होता आणि फोन करून पत्ता घेतला होता. बरोबर एक पाकीट होतं, त्यात माफीची चिठ्ठी. मी म्हणाले, फोनवर बोललात ना, मग पत्र कशाला?

"फोनवरचं हवेत जातं, बाई. चूक ताटात केली, माफी त्यांच्या हातात पडाय पायजे."

त्यांनी फ्रेम उघडली, शीटच्या कोपऱ्यातलं एक तिकीट जपून फाडलं आणि पाकिटाला लावलं. पाच रुपयांत साधं पत्र जातं. त्या कोट्यातलं खरोखर पत्राला लागलेलं माझ्या पोस्टातलं ते एकमेव तिकीट. मी शिक्का अगदी कडेला, हलक्या हातानं मारला. शार्कच्या अंगावर शाई येऊ दिली नाही.

फ्रेम परत भिंतीवर गेली, कोपऱ्यात एक भोक घेऊन. खाली युनूसभाईंनी रंगवून घेतलं, 'हा मासा मिळत नाही'. आणि हमीदला "न्हाय" म्हणायची सवय करायला बसवलं. सुरुवातीला तो "न्हाय" म्हणायचा आणि मान मात्र होकारार्थी हलवायचा.

काही महिन्यांनी ते पुण्याचं कुटुंब परत आलं. पोस्टमन रजेवर होता म्हणून मीच हॉटेलात टपाल द्यायला गेले होते, त्यामुळे बघायला मिळालं. त्या गृहस्थांनी फ्रेमकडे बोट दाखवलं. हमीदनं एकदा दाजींकडे बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"कटला. मागच्या टायमाला खाल्ला त्योच."

ते हसले आणि बसले. निघताना गृहस्थांनी विचारलं, गल्ल्यावर पूर्वी एक पाटी होती ना? युनूसभाई आत गेले आणि पाटी घेऊन आले. लावायला हमीद स्टुलावर चढला, खालून स्टूल त्या गृहस्थांनी धरलं.

त्यानंतर पोस्टात पक्ष्यांच्या तिकिटांचा कोटा आला. त्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो होता, जो आमच्या उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात थव्यानं उतरतो. त्याच दिवशी युनूसभाई हप्ता भरायला आले आणि नवीन तिकीट आलंय का, असं त्यांनी विचारलं. हा पक्षी त्या भिंतीवर लागला तर कुणीतरी बोट दाखवणारच.

"न्हाय," मी म्हणाले आणि ड्रॉवर बंद केला. टार्गेट अपुरं राहिलं. पोस्टाचे साहेब रागावले आणि विसरून गेले.